घैसासांच्या बेटावरच्या दोन फेऱ्या

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक बातमी पहिल्या मजल्यावरून निघाली, ती लिफ्टची वाट न बघता सहाव्या मजल्यापर्यंत पोचली. दिगंबर घैसासांनी म्हणे कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावर दुसरं बिऱ्हाड थाटलंय. पुरावे भक्कम होते. भारतातून आलेल्या पाहुण्यांबरोबर नायगारा दुसऱ्यांदा बघायला लागू नये म्हणून पाठदुखी काढणारा हा माणूस, सलग दोन वर्षं मे महिन्यात एकाच बेटावर जातो. पहिल्या वर्षी बायकोला नेतो, दुसऱ्या वर्षी एकटाच. आणि बॅगेत काय नेतो, तर जांभळी रेशमी साडी. ती साडी तिसऱ्या मजल्यावरच्या शोभा कामेरकरांनी तळघरातल्या लाँड्रीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिला इस्त्री कोण करत होतं, तर मालिनी घैसास. "बघा बाई," शोभाताई म्हणाल्या, "सवतीच्या साडीला आपल्या हातानं इस्त्री. ह्याला म्हणतात संसार."

तर आधी हे निस्तरू. सवत वगैरे कुणी नव्हती. साडी मालिनीबाईंनीच जॅक्सन हाइट्सहून आणली होती, एका लग्नातल्या आहेरासाठी. दिगंबररावांचं बेटावर बिऱ्हाड नव्हतं. असायला निदान हिंमत तरी लागते. त्यांचं तिथे जे होतं ते बिऱ्हाडापेक्षा वाईट होतं, आणि ते ऐकलं की बिऱ्हाड परवडलं असं वाटेल.

दिगंबरराव मॅनहॅटनमधल्या एका फर्ममध्ये पुलांची ड्रॉइंग्ज काढत. सकाळची पाथ ट्रेन, दुपारी डब्यातली पोळी-भाजी, संध्याकाळची पाथ ट्रेन. अठ्ठेचाळीस वर्षांच्या या सरळ रेषेत एकच वळण होतं, ते म्हणजे आवाज. एडिसनपासून क्वीन्सपर्यंत कुठलंही मराठी लग्न असो, मंगलाष्टकं म्हणायला घैसास. चर्चचा हॉल भाड्यानं घेतलेला, अंतरपाट म्हणून कुणाची तरी बेडशीट, पण मंगलाष्टकं अस्सल. शेवटचं 'सावधान' ते इतकं लांबवत की हार धरून उभ्या असलेल्या नवरदेवाचे खांदे भरून येत. गुरुजी उशिरा आले तरी चालतील, घैसास वेळेवर हवेत, असं लोक म्हणत आणि दिगंबररावांना ते ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. धर्माशी त्यांचा संबंध तेवढाच. आठव्या वर्षी गुहागरला मुंज झाली होती, जानवं सवयीनं अंगावर होतं, संध्या शाळेबरोबर सुटली होती.

शहाऐंशीत लग्नाला वीस वर्षं झाली, तेव्हा मालिनीबाईंनी बँकेतल्या मैत्रिणीकडून एक युक्ती आणली. ईस्टर आटोपला की बेटांवरची गर्दी ओसरते. वादळं यायला अजून अवकाश असतो. या मधल्या फटीत हॉटेलं निम्म्या दरात मिळतात आणि समुद्र तोच असतो. 'समुद्र तोच' हे दिगंबररावांना पटलं. चौदा वर्षांच्या वीणाला मावशीकडे ठेवून दोघं निघाले. बॅगेत पोहण्याचे कपडे कमी आणि धपाटे जास्त. विमानतळावर कस्टम्सच्या माणसानं मेतकुटाची पुडी वर धरून "व्हॉट इज धिस?" म्हणून विचारलं, तेव्हा मालिनीबाईंनी सरळ चिमूटभर तोंडात टाकून दाखवलं.

बेटाचं नाव दिगंबरराव अजूनही कुणाला धड सांगत नाहीत, तेव्हा आपणही राहू दे. पण उतरल्या उतरल्या त्यांचा जीव विरघळला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलमोहर पेटलेले. माड. आंब्याखाली पडलेला सडा. आणि एका घरामागे चक्क नीरफणस.

"अगं, हे तर गुहागर," ते म्हणाले.

"गुहागरच बघायचं होतं तर पासपोर्ट कशाला काढला?" मालिनीबाई म्हणाल्या, पण त्याही खिडकीबाहेरच बघत होत्या.

हॉटेलात चाळीस खोल्या आणि पाहुणे मोजून सहा. वेटर एकमेकांशी पत्ते खेळत. हॉटेलच्या गाडीचा ड्रायव्हर तर दिवसभर रिकामाच. हा पन्नाशीचा, सावळा, नाकेला माणूस पहिल्याच दिवशी येऊन म्हणाला, "माय नेम इज रामसहाय, सर." त्याच्या पणज्याला कलकत्त्याहून जहाजात घालून उसाच्या मळ्यांवर आणलं होतं. भाषा गेली होती. उरले होते चार शब्द. आजोबांना ते 'आजा' म्हणत, आणि आजीला 'आजी'. त्याची मुलगी सिंथिया हॉटेलच्या काउंटरवर बसत असे. "माय आजी पास्ड लास्ट इयर," असं ती म्हणाली, तेव्हा दिगंबररावांनी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. सातासमुद्रापार आपला एक शब्द असा गाठ पडावा, म्हणजे नरमायला होणारच.

तिसऱ्या दिवशी ते समुद्रात डुंबून बाहेर आले, उघडे, अंगावर भिजलेलं जानवं. रामसहाय टॉवेल घेऊन उभा होता. त्याची नजर जानव्यावर खिळली.

"तुम्ही ब्राह्मण, सर? इंडियातले?"

इथे 'जन्मानं' एवढं म्हणून थांबायचं होतं. दिगंबरराव म्हणाले, "ऑफकोर्स." तेही छाती जरा पुढे काढून, जिला समुद्रस्नानाशिवाय त्या दिवशी कुठलाच आधार नव्हता.

रामसहायनं मग सगळं सांगितलं. त्याची आई जाऊन येत्या शुक्रवारी वर्ष होत होतं. बेटावर आता दहा-बारा हिंदू घरं, निम्मी चर्चला जाणारी. शेवटचा पंडित म्हातारा होऊन वारला. दुसऱ्या बेटावरून पंडित आणायचा तर महिना महिना आधी सांगायला लागतं. आईच्या वेळी कुणीच मिळालं नव्हतं. अंत्यविधीला नाही, तेराव्याला नाही. वडील, म्हणजे सगळ्यांचे आजा, तेव्हापासून धड जेवत नव्हते. त्यांना एकच वाटे की ती मध्येच कुठेतरी अडकलीय.

"तुम्ही याल का, सर?"

खोलीत आल्यावर मालिनीबाईंनी दार लावून घेतलं. "अहो, तुम्हाला त्यातलं काय येतं? सांगा त्याला, येत नाही म्हणून. ह्यात लाज कसली?"

"म्हाताऱ्या माणसाचं समाधान होईल, मालिनी. चार श्लोक म्हणायचे."

"कुठले चार?"

दिगंबररावांनी पंखा मोठा केला. खरं सांगायचं तर तेव्हाच त्यांच्या घशात स्वर जुळायला लागले होते. आवाज चांगला असलेल्या माणसाला श्रोते दिसले की तो आंधळा होतो.

शुक्रवारी सकाळी डोंगराच्या उतारावरच्या त्या घरात चाळीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. चौरंगावर म्हातारीचा फोटो, झेंडूचा हार, शेजारी आजा. ऐंशीच्या पुढचे, वाळलेले, ताठ बसलेले. समोर रामसहाय. पिंड, दर्भ, तर्पण यातलं काहीच येत नसल्यामुळे दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे फक्त पठण असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हातात काहीतरी द्यायला हवं म्हणून त्यांनी सगळ्यांना चिमूट चिमूट तांदूळ वाटायला सांगितले. आयुष्यभर ज्या कार्यात उभे राहिले होते त्यात माणसांच्या हातात तांदूळच असत. दुसरं सुचलंच नाही.

मुंजीत शिकवलेलं झालं, संध्याकाळी दिव्यापाशी म्हणायचं झालं, शाळेत पाठ केलेली दोन सुभाषितंही झाली. घड्याळात सात मिनिटं झाली होती. माणसं हलली नाहीत. जुना पंडित दोन-दोन तास वाचायचा, हे रामसहायनं त्यांना वाटेत सांगितलं होतं.

आठव्या मिनिटाला दिगंबररावांनी मंगलाष्टकं सुरू केली.

मागच्या रांगेत मालिनीबाईंनी पदर तोंडाशी धरला. पाहणाऱ्यांना वाटलं, बाईंना भरून आलं. दिगंबररावांनी चाल जरा संथ घेतली, दुःखाची करायचा प्रयत्न केला, पहिल्या दोन कडव्यांच्या शेवटचं 'शुभमंगल सावधान' गिळलं. पण तिसऱ्या कडव्याला घर शांत झालेलं, आवाज लागलेला, कौलांना गुंजन मिळालेलं, आणि वीस वर्षांची सवय. 'सावधान' निघालं. पूर्ण लांबीचं. त्या स्वराची उंचीच अशी की हात आपोआप वर जातात. पहिल्यांदा मुलांनी तांदूळ टाकले, मग सगळ्यांनीच. हार घातलेल्या फोटोवर आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यावर अक्षता पडल्या.

पाच कडवी उरली होती. आता थांबता येत नव्हतं. दर कडव्याला अक्षता पडत राहिल्या. आजा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या पांढऱ्या भुवयांत तांदूळ अडकले होते.

संपल्यावर आजा काठी टेकत उठले. दिगंबररावांना वाटलं, आता हात जोडतील. ते वाकले, आणि त्यांनी दिगंबररावांच्या पायांवर डोकं ठेवलं. दिगंबररावांचे वडील असते तर त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा हा माणूस. त्यांनी पाय मागे घ्यायला हवे होते. ते घेता आले नाहीत, कारण मागे भिंत होती. मग म्हाताऱ्यानं आतून एक पितळी तांब्या आणला. पणजीनं जहाजातून आणलेला, घरातली इंडियातून आलेली एकच वस्तू. तो त्यांच्या हातात दिला. नको म्हणावं तर अपमान, घ्यावा तर चोरी. त्यांनी घेतला.

उरलेले दोन दिवस ते समुद्रात उतरले नाहीत. परतीच्या विमानात मालिनीबाई एवढंच म्हणाल्या, "तांब्या तुमच्या मांडीवर ठेवा. माझ्या बॅगेत नको."

घरी तांब्या ओट्याखालच्या कपाटात, मिक्सरच्या मागे गेला. दिगंबररावांनी स्वतःची समजूत घातली: म्हातारा जेवायला लागला असेल, झालं तर मग. ही समजूत फेब्रुवारीपर्यंत टिकली.

फेब्रुवारीत बेटावरून पाकीट आलं. वीणानं ते फोडलं, आतली कॅसेट बेटावरची गाणी समजून स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आधी कोंबडा आरवला. मग घसा खाकरण्याचा आवाज. मग दिगंबरराव, आधी सात मिनिटांचे श्लोक आणि मग मंगलाष्टकं. वीणा एडिसन ते क्वीन्स सगळ्या लग्नांत पंगतीला बसलेली मुलगी. तिनं सँडविच खाता खाता विचारलं, "डॅड, हू गॉट मॅरीड?"

दिगंबररावांनी टेप बंद केला. टेबलावरची चिठ्ठी मालिनीबाईंनी मोठ्यानं वाचली. रामसहायनं लिहिलं होतं की त्यानं त्या दिवशी सगळं टेप केलं होतं, वडील रोज संध्याकाळी सहाला ते ऐकतात, ऐकून मगच जेवतात. शब्द त्यांना पाठ झालेत. सिंथियाचं लग्न मेमध्ये ठरलंय. त्या दिवसांत हॉटेल रिकामंच असतं, मॅनेजर खोली देईल. लग्न पंडितजींनीच लावायचं, असा वडिलांचा हट्ट आहे.

आता पेच बघा. लग्न लावणं ही एकच गोष्ट या माणसाला येत होती. आणि तेच त्याला आता तिथे करता येत नव्हतं. पहिल्या ओळीलाच म्हातारा ओळखणार होता, की ही तर माझ्या बायकोच्या वर्षाची.

"कळवा, बरं नाही म्हणून," दिगंबरराव म्हणाले.

"किती दिवस बरं नाही म्हणणार? तो रोज सहाला ऐकतोय," मालिनीबाई म्हणाल्या. "साडी माझ्याकडून जाईल. बाकीचं तुमचं तुम्ही जाऊन निस्तरा. आणि तो तांब्या घेऊन जा."

म्हणून दुसरी फेरी. म्हणून जांभळी साडी. म्हणून इस्त्री.

विमानतळावर रामसहाय गाडी घेऊन उभा होता. तो मुलीच्या सासरबद्दल बोलत होता, मांडवाबद्दल बोलत होता. गुलमोहर तसेच पेटले होते. तीन खाड्या मागे पडल्या. चौथ्या वळणाला दिगंबरराव म्हणाले, "रामसहाय, मी पंडित नाही." आणि मग उरलेलं सगळं सांगितलं, मांडीवरच्या तांब्याकडे बघत.

रामसहायनं गाडी कडेला घेतली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सगळंच खोटं?" त्यानं विचारलं.

"पहिली सात मिनिटं सोडून."

त्यानं स्टिअरिंगवर अंगठा घासला. मग म्हणाला, "मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही सांगा."

आजा व्हरांड्यात सुपात तूर निवडत बसले होते. पंडितजींना पाहून ते उठायला लागले. दिगंबररावांनी घाईनं खाली, जमिनीवर बसकण मारली, की यांना पुन्हा वाकता येऊ नये. मग त्यांनी सांगितलं. रामसहाय खांबाला टेकून उभा होता. आजांना कमी ऐकू येत होतं, म्हणून दिगंबररावांना आपली लाज मोठ्यानं, दोनदा सांगावी लागली.

"मग ते शब्द कसले होते?" आजांनी विचारलं.

"लग्नाचे."

म्हाताऱ्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "वर्षभर मी समजत होतो, ती पोचली," ते म्हणाले. "मग ती आता कुठे आहे?"

पुलाचं ड्रॉइंग असतं तर दिगंबररावांनी खोडरबर काढला असता. इथे त्यांनी फक्त तांब्या आजांच्या पुढ्यात ठेवला.

आजा आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात कॅसेट होती. ती त्यांनी दिगंबररावांच्या तळहातावर ठेवली. तांब्या उचलला, अंगणातल्या पिंपातलं पाणी त्यात भरून पाहिलं, कुठे गळत नाही ना. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "ह्यांना जेवायला वाढ." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. पाहुण्याला उपाशी धाडत नाहीत, एवढंच.

दिगंबरराव जेवले. भोपळ्याची भाजी आणि रोटी.

रामसहायनं दोन दिवस धावाधाव करून, दुप्पट दक्षिणा कबूल करून शेजारच्या बेटावरून एक तरुण पंडित विमानानं आणला. लग्नाच्या आदल्या सकाळी त्यानं म्हातारीचं राहिलेलं कार्य केलं, पीठ, तीळ, दर्भ, सगळं घेऊन, तीन तास. दिगंबरराव शेवटच्या रांगेत बसले होते. समोरच्या विधीत काय काय असतं ते त्यांना अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. दुसऱ्या दिवशी सिंथियाच्या लग्नात त्यांनी पंगतीत पाणी वाढलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नको म्हणालंही नाही. आजांच्या पानापाशी ते दोनदा आले. पहिल्यांदा आजांनी पेल्यावर हात ठेवला. दुसऱ्यांदा हात काढला.

यापुढे गोष्ट गोड झाली असती तर सांगायला बरं वाटलं असतं. पण त्या घरून पुन्हा पत्र आलं नाही, आणि दिगंबररावांनीही पाठवलं नाही. कॅसेटचं काय केलं, हे शोभाताईंनादेखील काढून घेता आलं नाही. यावरून ओळखा.

ऑगस्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या विष्णू सोहोनींच्या दीपाचं लग्न निघालं. मुलगा ओहायोचा, गोरा. गुरुजी क्वीन्सहून येणार होते आणि नेहमीप्रमाणे बेल्ट पार्कवेवर अडकले होते. हॉलमध्ये अंतरपाट धरून माणसं उभी. विष्णूपंत धापा टाकत दिगंबररावांपाशी आले.

"दिगंबर, तू सुरू कर यार. मुहूर्त चाललाय."

"नाही, विष्णू."

"अरे, वीस वर्षं म्हणतोयस. आजच काय झालं? समोर बघ, अर्धा हॉल ओहायो. त्यांना तू बाराखडी म्हटलीस तरी मंगलाष्टकच वाटेल. कुणाला काय कळणार आहे?"

दिगंबररावांनी अंगातला कोट काढून खुर्चीवर ठेवला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "त्यांना कळणार नाही, म्हणूनच म्हणणार नाही. पाण्याचे जग कुठे ठेवलेत, तेवढं सांग."